नवरा-बायको आणि दोन घोड्या



आमचे काम उसाचे. बेणे, लागण, खोडकिडा, तोडणीची तारीख, यापलीकडे आम्ही या पानांवर सहसा जात नाही. परंतु गटात फिरताना गेली दोन-तीन वर्षे एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो, "साहेब, त्या घोडीवाल्या जोडप्याचं काय खरं?" काही जण कौतुकाने विचारतात, काही जण हसून विचारतात. म्हणून खुलासा करावा असे वाटले.

जोडपे आपल्याच सभासदांपैकी आहे. घाटावरच्या एका गावी सात एकर जमीन, त्यातला दोन एकर ऊस विहिरीवर, बाकी सोयाबीन, तूर आणि हरभरा. नाव छापू नका, असे दोघांचेही सांगणे आहे, ते आम्ही पाळतो. दादांचे वय आमच्याएवढेच, म्हणजे चाळिशी ओलांडलेले. वहिनी चार-पाच वर्षांनी लहान. मुलगी शिकायला बाहेरगावी असते. गोठ्यात दोन बैल, एक म्हैस आणि दोन घोड्या. या घोड्या टांग्याला नाहीत, वरातीला नाहीत, शर्यतीलाही नाहीत. आठवड्यातून दोन वेळा पहाटे दोघे खोगीर चढवतात आणि शिवेच्या रस्त्याने, गाडवाटेने, नाल्याच्या काठाने पाच-दहा कोस फिरून येतात. वर्षातून एकदा दिवाळीनंतर, ऊस तोडीला यायच्या आधी, तीन-चार दिवसांची लांब रपेट होते. एवढेच. यात पैसा मिळत नाही, उलट जातो.

गावात बोलणे झाले ते दादांबद्दल नव्हे, वहिनींबद्दल. पुरुष घोड्यावर बसला तर हौशी, बाईमाणूस बसले तर मात्र 'काय दिवस आले'. सिंदखेडराजाच्या जिल्ह्यात हे बोलणे निघावे याचे आम्हाला नवल वाटते. दर १२ जानेवारीला आपण गाड्या भरभरून जिजाऊंच्या जन्मस्थानी जातो. लखुजीराजांचा वाडा पाहतो, मोती तलाव पाहतो, घोड्यावरच्या जिजाऊंचे चित्र घेऊन घरी येतो आणि भिंतीला लावतो. जिजाऊंच्या घोडेस्वारीची हकिकत परंपरेने सांगितली जाते. मात्र ज्या घरात त्या १५९८ साली जन्मल्या ते घर घोडदळाच्या सरदारांचे होते, आणि ज्या घरात सून म्हणून गेल्या तेही तसेच, याबद्दल कोणाला शंका नाही. अशा घरांत घोडा म्हणजे आजच्या ट्रॅक्टरसारखा. घरातल्या माणसाला त्याची ओळख असणारच.

जोडीने घोडेस्वारी करणाऱ्या नवरा-बायकोचे दाखले मात्र दख्खनमध्ये आणखी स्पष्ट सापडतात. त्यांतला पहिला चांदबिबीचा.

चांदबिबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची लेक. तालिकोटच्या लढाईआधी, १५६४ च्या सुमारास, दख्खनच्या सुलतानांनी एकी केली तेव्हा तिचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी लावून दिले आणि सोलापूरचा किल्ला आंदण दिला. म्हणजे हे लग्न राजकारणाचेच. पण संसार मात्र राजकारणासारखा झाला नाही. इतिहासात असे नमूद आहे की ती पडदा बाजूला ठेवून नवऱ्याबरोबर घोड्यावर शिकारीला जात असे, मोहिमेवरही जात असे. तिला फारसी-अरबीबरोबर मराठी आणि कानडीही येत होती. दख्खनच्या जुन्या चित्रांत हातावर ससाणा घेतलेली घोड्यावरची चांदबिबी पुष्कळदा दिसते. ही चित्रे तिच्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी काढलेली आहेत, पण लोकांनी तिला कशी लक्षात ठेवली ते त्यावरून कळते. गादीवर बसलेली नव्हे, घोड्यावर बसलेली. अली आदिलशहाने विजापुरात १५७९ साली पाण्याची मोठी बावडी बांधली तिला नावच चांद बावडी. दुसऱ्याच वर्षी, १५८० मध्ये, त्याचा खून झाला. मूलबाळ नव्हते. पुढची वीस वर्षे ही बाई कधी विजापूरची, कधी अहमदनगरची गादी लहान पोरांसाठी सांभाळत राहिली. मध्येच विरोधकांनी तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही करून ठेवली होती.

आपल्या जिल्ह्याशी तिचा संबंध दोन ठिकाणी येतो. मोताळा तालुक्यातले रोहिणखेड आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या १५९१ च्या लढाईत चांदबिबीचा भाऊ बुऱ्हाण याने अहमदनगरची गादी मिळवली. चारच वर्षांनी मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला. सुरुंगाने तटाला खिंडार पडले तेव्हा चांदबिबी स्वतः तलवार घेऊन तिथे उभी राहिली आणि एका रात्रीत भिंत पुन्हा उभी करून घेतली. १५९६ साली तह झाला, त्यात तिने अहमदनगर राखले आणि वऱ्हाड मोगलांना दिले. म्हणजे आपला मुलूख हातचा गेला तो याच तहात. वऱ्हाडच्या माणसाने तिच्यावर त्यासाठी रागवायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. आमच्या मते शहर वाचवायला तिच्याजवळ दुसरे काही उरले नव्हते. १६०० च्या वेढ्यात तिच्याच माणसांनी तिला ठार केले.

दुसरे जोडपे थोरल्या बाजीरावांचे आणि मस्तानीचे. यावर नाटके, सिनेमे पुष्कळ झाले, त्यामुळे जास्त लिहीत नाही. एवढेच सांगतो की बाजीरावांचे १७२७-२८ चे पालखेडचे प्रसिद्ध धावणे आपल्याच भागातून गेले. जालना, सिंदखेड, पुढे वाशीम, मंगरूळ, माहूरचा मुलूख हादरवून फौज एकदम खानदेशात वळली, तापी उतरली आणि गुजरातेत घुसली. निजामाच्या जड तोफा मागेच राहिल्या. ही करामत घोड्यांची. सोबत तोफखाना नाही, बाजारबुणगे नाहीत, खोगिरालाच शिधा बांधलेला. मस्तानी तेव्हा सोबत नव्हती, ती बुंदेलखंडातून १७२९ नंतर आली. पण पुढच्या मोहिमांत ती बाजीरावांच्या रिकिबीला रिकीब लावून चालत असे, असे इतिहासकार लिहितात. घरच्यांनी दोघांना शेवटी वेगळे केले. १७४० च्या एप्रिलात बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले, त्यानंतर मस्तानीही फार दिवस जगली नाही. पाबळला तिची कबर आहे.

आता एक विलायती जोडपे. त्यांची हकिकत आमच्या दादा-वहिनींना सांगितली तेव्हा वहिनींनी तीन वेळा "मग पुढं?" म्हणून विचारले. म्हणून इथेही देतो.

विल्फ्रिड ब्लंट आणि त्यांची पत्नी लेडी ॲन ब्लंट. ही बाई कवी बायरनची नात. दोघांना घोड्यांचे वेड. इंग्रज माणूस परदेशी गेला की हॉटेलात उतरतो. हे दोघे १८७८ साली युफ्रेटिस नदीकाठच्या बदू टोळ्यांत घोड्यांवरून हिंडले. त्यांच्या तंबूत राहिले आणि चांगल्या वंशाच्या घोड्या विकत घेऊन इंग्लंडला पाठवल्या. त्याच सालच्या शेवटी दमास्कसहून निघून नेज्दच्या वाळवंटात, हाईलपर्यंत गेले. वाटेत, १८७९ च्या जानेवारीत, काफिल्यापासून थोडे बाजूला उतरून बसले असताना घोडेस्वारांची धाड आली. ॲनबाईंचा गुडघा मुरगळलेला होता, त्यांना उठून घोडीवर चढता येईना. ब्लंटसाहेब घोडीवर चढून निसटून जाऊ शकले असते. ते गेले नाहीत. त्यांच्याच हातातली बंदूक हिसकावून धाडवाल्यांनी ती त्यांच्या डोक्यात घातली. शेवटी बोलण्याबोलण्यात कळले की ही टोळी ओळखीच्याच जमातीची आहे. मग घोड्या परत, सामान परत, सगळे एकत्र जेवायला बसले. त्या प्रवासाच्या शेवटी दोघे इराणच्या आखातावरून बोटीने हिंदुस्थानात आले आणि सिमल्यापर्यंत गेले.

इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात त्यांनी क्रॅबेट नावाचा घोड्यांचा तबेला उभा केला. आज जगातल्या पुष्कळ अरबी घोड्यांच्या वंशावळी शोधत गेले तर या तबेल्याशी येऊन थांबतात. पण वहिनींच्या तिसऱ्या "मग पुढं?" चे उत्तर गोड नाही. साहेबांनी दुसरी बाई घरात आणली आणि १९०६ साली नवरा-बायको वेगळे झाले. तबेल्याचीही वाटणी झाली, अर्ध्या घोड्या त्याच्या, अर्ध्या तिच्या. ॲनबाई १९१७ साली इजिप्तमध्ये वारल्या. घोड्यांवरून बाप आणि लेक यांच्यात कोर्टकचेरी झाली, १९२० साली लेकीच्या बाजूने निकाल लागला. दादा म्हणाले, "आपल्याकडं बांधावरून होतं, त्यांच्याकडं घोड्यावरून."

असो. आता आपल्या घरच्या घोड्यांकडे येऊ.

दादांच्या आजोबांकडे एक तट्टू होते, बाजाराला जायला. ते गेल्यावर पागा रिकामी झाली, तिथे मोटारसायकल उभी राहू लागली. दादांना लहानपणापासून हौस. लग्नानंतर दहा वर्षांनी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत त्यांनी पहिली घोडी घेतली. वहिनींना घरी आल्यावरच कळले. "दोन दिवस मी बोलले नाही," वहिनी सांगतात, "तिसऱ्या दिवशी हे शेतात गेले, अन् घोडी खिंकाळू लागली, तर पाणी पाजायला मीच गेले." पुढे पाणी, चंदी, खरारा सगळे वहिनींकडे आले. घोडी त्यांच्या पाठोपाठ अंगणभर फिरू लागली. एक दिवस दादा म्हणाले, बसून तर पाहा. कास्टा घालून वहिनी बसल्या. आमच्या नऊवारीची ही सोय ध्यानात घ्यावी. विलायतेतल्या बायकांना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत घागऱ्यापायी दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसावे लागे. आपल्या बाईला रिकिबीत दोन पाय टाकून बसायला कपडा आड येत नाही. दुसरी घोडी आणली ती वहिनींच्या मागणीवरून. "एकानं बसायचं अन् एकानं लगाम धरून चालायचं, ही काय जोडी झाली?"

दोन्ही घोड्या काही राजेशाही नव्हेत. सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीकाठी दत्तजयंतीला, आपण नुकरा, अबलख, पंचकल्याणी अशी लाखांच्या किमतीची जनावरे पाहतो, त्यांतल्या या नाहीत. अंगाने लहान, गुडघ्याला घट्ट, पोटाला थोडक्यात भागणाऱ्या. दख्खनचा मूळ घोडा असाच. भीमा खोऱ्यातल्या तट्टांना भीमथडी म्हणतात. त्यांत बंदरांवरून येणाऱ्या अरबी घोड्यांचे रक्त मिसळत गेले, आणि मराठ्यांचे घोडदळ उभे राहिले ते याच जनावरावर. दिसायला किरकोळ, पण डोंगरात, कमी दाणापाण्यात टिकणारे. मध्यंतरी ही जातच संपली असे लिहिले जात असे. प्रत्यक्षात मेंढपाळ धनगर बांधवांनी ती बिऱ्हाडासोबत हिंडवत ठेवली होती. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेकडून भीमथडीला वेगळी जात म्हणून मान्यता मिळाल्याची बातमी २०२४ साली आली. वरातीमागून घोडे म्हणतात तसे झाले खरे, पण घोडे आले हे महत्त्वाचे.

लांब रपेटीची तयारी हे दोघे कशी करतात ते आम्ही मुद्दाम विचारून घेतले. घोडी पायचालीने तासाला सहा किलोमीटर जाते, दुडकीने त्याच्या दुप्पट. पण दिवसाचा हिशोब पायचालीवरच धरायचा. तीस किलोमीटर झाले की मुक्काम. तास-दीड तासाने उतरून तंग सैल करायचा आणि पंधरा मिनिटे घोडीबरोबर पायी चालायचे. उतारावर तर पायीच. खोगिराखालची घोंगडी रोज झटकायची, कारण कुसळ राहिले तर पाठ सोलून निघते आणि सोललेल्या पाठीवर पुढचे आठ दिवस खोगीर टाकता येत नाही. घोडी तापलेली असताना दाणा द्यायचा नाही. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेले चुकीचे काही परत वर येत नाही. त्यामुळे बैलाला जे पोटदुखीवर निभावते, त्यात घोडा दगावतो. धनुर्वाताची लस वर्षाच्या वर्षी टोचायची, खुरात खिळा घुसला की घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

मुक्काम ओळखीच्या शेतात, नाहीतर देवळाच्या पारावर. सिंदखेडराजाहून लोणार पन्नासेक किलोमीटर. दोन दिवसांची ही वाट त्यांची सर्वांत आवडती. खडकपूर्णेच्या खोऱ्यातून काळ्या रानातून जायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोणारच्या काठावर उभे राहायचे. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीची ती वाटी, खाली खारे पाणी, चारी बाजूंनी झाडी. घोड्या मात्र वरच, गावात बांधायच्या. सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, तिथे जनावर उतरवायचे नाही, हे दादा कटाक्षाने पाळतात. ज्ञानगंगेच्या जंगलाच्या बाजूला तर जातच नाहीत. परवानगीचा प्रश्न आहे, शिवाय बिबट्या आहे.

अलीकडे या वाटेत एक अडचण आली. समृद्धी महामार्ग आपल्या सिंदखेडराजा, लोणार, मेहकर भागातून गेला. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. महामार्गाबद्दल आमची तक्रार नाही, आपला भाजीपालाही त्यावरून जातो. पण त्यावर जनावर नेता येत नाही, आणि जुन्या गाडवाटा दोन्ही बाजूंनी कुंपणाला येऊन थांबल्या. आता कुठल्या मोरीखालून पलीकडे जाता येते ते शोधत वळसा घ्यावा लागतो. पहिल्या वेळी वहिनींची घोडी त्या काँक्रीटच्या बोगद्यात शिरेना. वरून ट्रक गेला की आत घुमते. दादांनी ओढून पाहिले, चुचकारून पाहिले. शेवटी वहिनी उतरल्या, लगाम सोडून दिला आणि एकट्याच बोगद्यातून चालत पलीकडे गेल्या. दहा मिनिटांनी घोडी आपण होऊन मागे आली. मेंढपाळांना आणि शेतकऱ्यांनाही हा वळसा रोजचाच झाला आहे, म्हणून लिहिले. शिवरस्ते मोकळे राहावेत हा काही घोडेवाल्यांचाच प्रश्न नाही.

हे सगळे गोड वाचून कोणी उद्या यात्रेला निघू नये, म्हणून आता कडू भाग.

२०१८ सालचा दुष्काळ आपल्यापैकी कोणी विसरलेला नाही. विहिरी डिसेंबरातच खाली गेल्या. दादांचा दोन एकर ऊस उभा वाळला, जो उरला तो चाऱ्याला गेला. दोन घोड्यांना मिळून उन्हाळ्यात रोज साठ-सत्तर लिटर पाणी लागते, आणि गावाला टँकर. कडब्याचे भाव ऐकवत नव्हते. घरात वैरण म्हणून होते ते स्वतःच्या उसाचे वाढे, ते बैलांना, म्हशीला आणि घोड्यांनाही. सोबत चंदी परवडेना म्हणून गव्हाचा कोंडा. असे चार-पाच महिने चालले.

मार्च-एप्रिलात वहिनींची घोडी लंगडू लागली. आज पुढचा पाय, उद्या मागचा. नाल काढून पाहिली, खुरात काही नाही. मग दाणा चावताना थांबू लागली. तोंडाच्या दोन्ही बाजूंना, नाकाच्या वर, हाड फुगल्यासारखे दिसू लागले. कोणी म्हणाले दाढेचे आहे, कोणी म्हणाले नजर लागली. तालुक्याच्या पशुवैद्यांनी पाहिल्याबरोबर विचारले, "खायला काय घालता?"

इथे आम्हाला आमच्या विषयाकडे यावे लागते. उसाच्या वाढ्यांत ऑक्झलेट नावाचा पदार्थ असतो. तो चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतो आणि ते अंगी लागू देत नाही. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू त्यातले बरेचसे फोडून टाकतात, तरी नुसत्या वाढ्यांवर ठेवलेल्या दुभत्या जनावराचे दूध उतरते, हाडे कमकुवत होतात, हे आपण गटात पाहतोच. घोड्याच्या पोटाची रचना वेगळी, त्याला हा त्रास फार लवकर होतो. त्यात कोंडा म्हणजे स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम नाही. मग शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. हाड पोकळ होते, जबडा फुगतो, पाय लंगडतो. अशा जनावरावर स्वार बसला आणि त्याचा पाय अडखळला तर हाड मोडायला वेळ लागत नाही.

औषध महाग नव्हते. वाढे बंद, कोंडा बंद. लसूणघास, हरभऱ्याचे आणि तुरीचे भुसकट सुरू. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने चुनखडीची भुकटी दाण्यात. पण उन्हाळ्यात लसूणघास आणायचा कुठून? दादांनी वीस किलोमीटरवरून रोज आणला. आणि इतक्यात एक व्यापारी दारात आला. लंगडी घोडी तो घेणार नव्हता, चांगली मागत होता. रोख देत होता. त्या पैशात दुसरीचा औषधपाणी, चारा सगळे निघाले असते. दोन रात्री घरात हीच चर्चा चालली. आम्ही त्याच आठवड्यात बांधावर भेटलो तेव्हा आमचा सल्ला विकण्याचाच होता. दादाही बरेचसे त्या मतावर आलेले होते. वहिनी एवढेच म्हणाल्या, "चांगली इकाची अन् दुखणाईत ठेवाची, मंग ही बरी झाल्यावर हिच्यासंगं चालायचं कोणी?"

दादांनी मोटारसायकल विकली.

आम्हाला तो हिशोब तेव्हा पटला नाही आणि खरे सांगायचे तर आजही पूर्ण पटलेला नाही. शेतकऱ्याची मोटारसायकल ही चैन नाही. वर्षभर दादा आमच्या गट ऑफिसला घोडीवरून येत, बाहेर कडुनिंबाला बांधत आणि नोंद देऊन जात. ऑफिसातली पोरे हसत. घोडी निमूट उभी राही, मोटारसायकलपेक्षा जागा कमी अडवी.

दुखणाईत घोडीवर आठ महिने कोणी बसले नाही. वहिनी रोज संध्याकाळी तिला धरून शिवेपर्यंत चालवीत. त्या आठ महिन्यांत दादांनीही चांगल्या घोडीवर रपेट केली नाही. कामापुरते बसले, तेवढेच. विचारले तर म्हणाले, "जोडीनं निघायचं तर जोडीनंच." तोंडावरचा फुगवटा पूर्ण गेला नाही, हाताला अजून लागतो. पण लंगड गेली. पाऊस झाला, नवीन गवत आले, आणि पोळ्यानंतर डॉक्टरांनी पायचालीपुरते बसायला परवानगी दिली. आता ती दुडकी चालते. भरधाव सोडायची नाही, असे दोघांनी ठरवले आहे, आणि वहिनींची हलके चालते म्हणून दादांची घोडीही हलकेच चालते.

ज्यांच्या घरी जनावरे फक्त वाढ्यांवर आहेत त्यांनी एवढे करावे. निम्मी वैरण तरी द्विदल पिकाच्या भुसकटाची किंवा कडब्याची ठेवावी. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याची पद्धत आहे, ती पशुवैद्यांना विचारून करावी. खनिज मिश्रण बंद करू नये. आणि घोडा, तट्टू, शिंगरू घरी असेल तर त्याला मुख्य वैरण म्हणून वाढे घालूच नयेत.

लग्नसराईत या जोडप्याकडे वरातीसाठी घोडी मागणारे पुष्कळ येतात. दोनदा त्यांनी दिली. दुसऱ्या वेळी डीजेच्या आवाजाने आणि फटाक्यांनी घोडी घामाघूम होऊन थरथरत घरी आली, दोन दिवस दाणा खाल्ला नाही. तेव्हापासून बंद. त्यावरून भावकीत थोडी नाराजी आहे. उत्पन्न बुडाले ते वेगळेच. नवीन घोडी घेणाऱ्याला दादा पहिला प्रश्न विचारतात, "रोज सकाळी एक तास आहे का?" पैशाचे नंतर. आमचे मत विचाराल तर दोन एकर उसाच्या भरवशावर घोडा ठेवू नये. तो ठेवायचा तर घरातल्या दोघांचीही हौस असावी. एकाचीच असेल तर दुसऱ्याला ते ओझे होते, आणि शेवटी यात्रेत अर्ध्या किमतीला विकावे लागते.

सध्या दोघांची मोठी अडचण नालबंदाची आहे. पूर्वी खामगाव, मलकापूर, चिखलीच्या बाजारात टांगे होते, त्यामुळे नालबंदही होते. टांगे गेले, नालबंदांची मुले गॅरेजात गेली. बैलांना पत्री मारणारे कारागीर अजून मिळतात, पण घोड्याचे खूर तासणे हे वेगळे काम आहे, जास्त तासले तर जनावर महिनाभर बसते. त्यांचा म्हातारा नालबंद दीड महिन्याला शेजारच्या जिल्ह्यातून एसटीने येत असे, आता त्याच्या डोळ्यांनी दगा दिला आहे. वहिनींनी त्याच्याकडून खूर कानशीने साफ करणे शिकून घेतले, नाल ठोकणे अजून जमत नाही. तरी ज्या सभासदांच्या माहितीत घोड्याला नाल मारणारा चांगला कारागीर असेल, त्यांनी त्याचे नाव व गाव आपल्या गट ऑफिसात कळवावे. जानेवारीच्या आत कळल्यास बरे, कारण १२ तारखेला दोघांना सिंदखेडराजाला घोड्यांवरूनच जायचे आहे.